सोलापूरहून ओमानच्या वादींमध्ये (कोरड्या नद्यांत) : ग्रुपनं खडकाळ ट्रेलवर गाडी चालवायची असेल तर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रुपमध्ये नवीन कुणी आलं की तेच प्रश्न येतात, आणि दरवेळी घाईत अर्धवट उत्तरं दिली जातात, म्हणून सगळं एका जागी सविस्तर लिहून ठेवतोय. थार, जिम्नी, गुरखा किंवा जुनी जिप्सी असलेल्या आपल्या सोलापूरकडच्या लोकांसाठी हे आहे, आणि गाडी नसली तरी यायचंय अशा लोकांसाठी पण. वाचायला वेळ लागेल, पण यायचं असेल तर पूर्ण वाचाच.

ओमानच का? जैसलमेर किंवा लडाख का नाही?

जैसलमेरला मुख्यतः वाळू आहे, तिथली ड्रायव्हिंगची कला वेगळी. लडाखला रस्त्यापेक्षा उंचीचा त्रास जास्त, अर्धा ग्रुप डोकं धरून बसतो. आपल्याला पाहिजे होतं कोरडं वाळवंट, दगड आणि दोन्ही बाजूंनी उभे कडे, आणि हे ओमानच्या हजर पर्वतात एकाच ठिकाणी मिळतं. तिथं वादी म्हणजे एरवी कोरडी असणारी नदी, तिच्या पात्रातून किंवा कडेकडेनं कच्चा रस्ता जातो. वादी बनी औफ हा त्यातला नावाजलेला ट्रेल, रुस्ताकच्या बाजूनं आत शिरायचं, बलद सैत गावाजवळून चढत चढत साधारण २,००० मीटरवरच्या शरफत अल अलमैनला पोचायचं आणि पलीकडे अल हमराकडे उतरायचं. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज घ्या. जबल शम्सजवळचा वादी घूलचा कॅन्यन (उभ्या कड्यांची दरी) सुमारे १,००० मीटर खोल आहे, वरून बघताना बोलणं बंद होतं माणसाचं.

शिवाय हैदराबाद आपल्याला तीनशे किलोमीटरच्या आसपास, तिथून मस्कतची डायरेक्ट फ्लाइट मिळते. आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरातला कुणी ना कुणी आखातात कामाला आहेच, त्याचा आधार वाटतो.

माझी थार टू-व्हील ड्राइव्ह आहे, सरावाला चालेल का?

या, पण खडकाच्या टप्प्यावर ती गाडी घालू नका. २०२३ पासून टू-व्हील थार आली आणि बऱ्याच जणांनी तीच घेतली, सिटीला चांगली आहे, वाईट काही नाही. पण दगडावर खरी गरज फोर बाय फोरपेक्षाही (चारही चाकांना ताकद) लो रेंजची असते, म्हणजे तो दुसरा छोटा गिअर लीव्हर जो गाडीला मुंगीच्या वेगानं पण पूर्ण ताकदीनं चालवतो. ते नसलं की माणूस वेगानं चढायला बघतो आणि मग चेंबर (इंजिनखालचा तेलाचा डबा) फुटतो. सरावाला दुसऱ्याच्या गाडीत बसा, स्पॉटिंग (बाहेर उभं राहून ड्रायव्हरला वाट दाखवणं) शिका, नंतर आळीपाळीनं स्टिअरिंग देऊ.

सोलापूरच्या आसपास सराव कुठं करता?

ओळखीच्या शेतकऱ्याच्या माळावर किंवा बंद पडलेल्या खाणीत, दोन्हीकडे मालकाची परवानगी घेऊन. आपला दगड काळा बेसॉल्ट आणि त्यावर सुटा मुरूम, तिकडे चुनखडीचा दगड जास्त, पण पाण्यानं झिजलेले गोटे आणि सुटी खडी दोन्हीकडे तशीच घसरते, त्यामुळं सराव वाया जात नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत जाऊ नका, तिथं गाडी रुतली की ट्रॅक्टर आणावा लागतो आणि शेताची वाट लागते ती वेगळीच.

नान्नजच्या माळरानावर गाडी घालायची नाही, विषयच संपला. ते माळढोकाचं अभयारण्य आहे, १९७९ पासूनचं. माळढोक जमिनीवर अंडी घालतो आणि तो आता किती थोडा उरलाय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कुणी "मोकळंच तर आहे" म्हणत असेल तर त्याला तिथंच थांबवा. उजनीच्या काठाला पण नाही, फ्लेमिंगोंच्या सीझनमध्ये तर मुळीच नाही.

तिकडे गाडी कुठली मिळते आणि कागदपत्रं काय लागतात?

आपल्या एमएच १३ च्या गाड्या इथंच राहणार, तिकडे भाड्यानं घ्यायच्या. प्राडो, लँड क्रूझर, निसान पॅट्रोल अशा मोठ्या फोर बाय फोर मिळतात. आपल्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, त्याची मुदत एक वर्षाची असते, म्हणून फार आधी काढून ठेवू नका.

भाड्याच्या करारात इन्शुरन्सची कलमं नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी डांबरी सोडून गेल्यावर झालेलं नुकसान कव्हर होत नाही, टायर आणि खालचा भाग तर हमखास वगळलेला असतो. आधी विचारा, लेखी घ्या. आणि गाडी ताब्यात घेताना तिथंच अंगणात तपासा. एकदा आम्हाला दिलेल्या गाडीच्या स्टेपनीत १२ पीएसआय हवा होती, आणि पाना होता तो नटाला बसतच नव्हता. तो पाना हातात घेऊन नटावर लावून बघितला म्हणून कळलं, नुसतं डिकी उघडून "हां आहे सगळं" म्हणून निघालो असतो तर वादीत बसावं लागलं असतं. तर स्टेपनी, जॅक, पाना, टो हुक (गाडी ओढायचा हुक) आणि लो रेंज लागते का, हे पाच बघितल्याशिवाय सही करायची नाही.

अजून एक, जबल अखदरला जायचं असेल तर खाली बिरकत अल मौजला पोलिसांची चौकी आहे, फोर बाय फोर नसेल तर वर सोडतच नाहीत. वर सगळा पक्का डांबरी रस्ता आहे तरी हा नियम आहे, कारण उतार भयंकर आहे आणि ब्रेक तापून अपघात होतात. डांबरीवर जर एवढी काळजी घेतात तर कच्च्यावर आपण किती घ्यायला पाहिजे ते बघा.

लेफ्ट हँड ड्राइव्ह जमेल का?

रस्त्यावर अर्ध्या तासात जमतं. खडकावर जमायला वेळ लागतो, आणि हे कुणी आधी सांगत नाही. आपल्याला इतक्या वर्षांत अंगवळणी पडलेलं असतं की आपण उजवीकडं बसलोय आणि डावं चाक लांब आहे. तिथं उलटं होतं, उजवं चाक लांब जातं आणि अंदाज चुकतो तो नेमका त्याच बाजूला. त्यामुळं पहिल्या दिवशी मोकळ्या पात्रात एक ओळखीचा दगड ठेवायचा आणि उजवं पुढचं चाक बरोब्बर त्याच्यावर आणून थांबवायचं, दहा-बारा वेळा. कंटाळवाणं वाटतं पण हे केल्याशिवाय कुणालाही कड्याच्या रस्त्यावर गाडी देत नाही आम्ही.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

डांबरीवर कंपनीनं सांगितलेली. वादीच्या खडीत २५ ते २८ पीएसआय, मोठ्या दगडांवर २० ते २२. हवा कमी केली की टायर दगडाला धरतो, अंगाला बसणारे दणके कमी होतात, आणि टोकदार दगडावर टायर फाटण्याऐवजी दबतो. पण फार कमी केली, म्हणजे १५ च्या खाली, तर टायर रिमवरून सुटू शकतो, आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, बाहेर फुगते ती दगडाला घासून कापली जाते. साइडवॉल कापली तर पंक्चर किट काही कामाचं नाही, स्टेपनीच लावायची.

हवा सकाळी थंड टायरवर मोजायची. उन्हात साधारण ५-६ अंश तापमान वाढलं की एक पीएसआय वाढतो, दुपारी मोजून कमी केली तर संध्याकाळी टायर बसलेला दिसेल. आणि परत डांबरीला लागताना हवा भरल्याशिवाय ५०-६० च्या वर जायचं नाही. कंप्रेसर प्रत्येक दोन गाड्यांत एक पाहिजेच.

दगडावर गाडी चढवायची कशी? आमचे काका म्हणतात दगड मधोमध घ्यावा, खरंय का?

काकांचं ट्रॅक्टरला खरं असेल, आपल्याला नाही. दगड चाकाखाली घ्यायचा, पोटाखाली नाही. चाकाखाली घेतला की अख्खी गाडी वर उचलली जाते आणि पोट सुरक्षित राहतं, मधोमध घेतला की तो थेट चेंबर नाहीतर डिफरन्शियलला (चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) जाऊन लागतो. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, जिम्नीचा २१०, म्हणजे एक वीतभर फक्त. वीतभराच्या वरचा दगड दिसला की चाकच त्याच्यावर गेलं पाहिजे.

लो रेंज, फर्स्ट गिअर, क्लचवरून पाय काढून घ्या. हाफ क्लचवर चढवत बसलात तर दोन तासात जळका वास येईल. ऑटोमॅटिक असेल तर डाव्या पायानं ब्रेक हलका दाबून ठेवायचा आणि उजव्यानं ॲक्सिलरेटर, त्यानं गाडी दगडावरून धबकन पडत नाही, अलगद उतरते. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवायचे नाहीत, बाहेर ठेवायचे. चाक दगडाला अडखळलं की स्टिअरिंग झटका मारतं आणि अंगठा जातो, आणि हे नव्या माणसाच्या लक्षात राहत नाही म्हणून शेजारी बसणाऱ्यानं सारखी आठवण करून द्यायची.

एक चाक हवेत लटकलं आणि ते नुसतं गरगर फिरतंय असं झालं तर लगेच रेस वाढवू नका. जिम्नीसारख्या गाडीत ब्रेकनं ते फिरणारं चाक धरायची सोय असते, पण तिला काम करायला एक-दोन सेकंद लागतात, पाय स्थिर ठेवा, ताकद आपोआप दुसऱ्या चाकाला जाते. गुरखासारखा डिफ लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक) असेल तर चाक फिरायच्या आधी लावा, फिरत असताना नाही. तरी जमलं नाही तर मागं घ्या आणि दुसरी लाइन (चाकं न्यायची वाट) निवडा. त्याच जागी चाक फिरवत राहिलं की खालची खडी उडते, खड्डा होतो, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो टप्पा अजून अवघड होतो. एकटे असता तेव्हा तो खड्डा तुमचा एकट्याचा असतो, ग्रुपमध्ये तसं नाही.

आणि कुठल्याही अवघड टप्प्याआधी गाडीतून उतरा, चालत जाऊन बघा, हातानं दगड हलवून बघा. सुटा असेल तर बाजूला करा किंवा खड्ड्यात भरा. ज्याला उतरायचा कंटाळा आहे त्यानं कृपया येऊ नये.

स्पॉटर म्हणजे काय, आणि त्याचं ऐकायलाच पाहिजे का?

ट्रक मागं घेताना क्लीनर उतरून "आन दे, आन दे, बास" करतो ना, तेच काम, पण समोर उभं राहून आणि इंच इंच. ड्रायव्हरला बॉनेटच्या पुढचं काही दिसत नाही, चाक कुठं टेकलंय ते स्पॉटरलाच दिसतं. हो, ऐकायलाच पाहिजे. पटत नसेल तर थांबा, खाली उतरून बोला, पण गाडीत बसून आपलंच खरं करायचं नाही.

एका गाडीला एकच स्पॉटर. खाणीतल्या सरावात आमच्यातला एक तरुण पोरगा एका पायरीसारख्या दगडावर होता, पुढचं डावं चाक वर आणि मागचं उजवं जवळपास सुटलेलं, आणि चौघं जण चार बाजूंनी ओरडायलेत, "डावीकडं घे", "अरे डावं नको, उजवं", "सोड सोड", त्यानं घाबरून ब्रेक सोडला आणि गाडी फूटभर मागं घसरली. मागं कुणी उभं नव्हतं म्हणून ठीक. तेव्हापासून नियम कडक आहे, स्पॉटर सोडून बाकी सगळे गप्प, फक्त "थांब" हा एक शब्द कुणीही ओरडू शकतो, आणि तो ऐकला की कारण न विचारता ब्रेक.

आणि तोंडानं डावं-उजवं सांगायचंच नाही. स्पॉटर समोरून बघतोय, त्याचं डावं म्हणजे तुमचं उजवं. काही ग्रुप "ड्रायव्हर साइड, पॅसेंजर साइड" म्हणतात, ते भारतात चालतं पण ओमानमध्ये ड्रायव्हर साइडच बदलते आणि ऐन वेळी डोकं आपल्या जुन्या सवयीनं चालतं. म्हणून दोन्ही हात वर, ज्या बाजूला चाक वळवायचं त्या बाजूला दोन्ही हात. मूठ वळली म्हणजे थांबा. बोटांनी स्वतःकडं हळूहळू म्हणजे या. एवढं पुरतं.

स्पॉटरनं कुठं उभं राहायचं हे त्याहून महत्त्वाचं. गाडी आणि कातळ यांच्या मध्ये कधीच नाही. उतरणाऱ्या गाडीच्या थेट खाली नाही. दरीच्या कडेला पाठ करून मागं मागं चालत नाही. ड्रायव्हरला स्पॉटर दिसेनासा झाला की ड्रायव्हरनं आपणहून थांबायचं, हा नियम ड्रायव्हरसाठी आहे.

उतारावर काय करायचं?

लो रेंज फर्स्ट, इंजिनला गाडी धरू द्या, ब्रेक फक्त हलका. न्यूट्रल करायचं नाही, क्लच दाबायचा नाही. गाडी आडवी व्हायला लागली तर घाबरून ब्रेक न दाबता किंचित ॲक्सिलरेटर देऊन तोंड सरळ उताराकडं करा. पुढची गाडी पूर्ण खाली जाऊन बाजूला झाल्याशिवाय दुसरीनं सुरुवात करायची नाही, चढाला पण हेच.

ग्रुपमध्ये गाड्या किती आणि क्रम कसा?

पाच, फार तर सहा. त्याच्या वर गेलं की अर्धा दिवस एकमेकांची वाट बघण्यात जातो. पुढं रस्ता माहीत असलेला माणूस, सगळ्यात शेवटी अनुभवी माणूस ज्याच्याकडं रिकव्हरीचं (अडकलेली गाडी काढायचं) सामान आणि प्रथमोपचाराचा डबा, आणि सगळ्यात नवखा ड्रायव्हर दुसऱ्या नंबरला. लोक नवख्याला मागं ठेवतात, ते चुकीचं आहे. मागं राहिला की तो धुळीत चालवतो, पुढच्याला गाठायला घाई करतो आणि चुका करतो. दुसऱ्या नंबरला असला की चांगल्या ड्रायव्हरची लाइन समोर दिसते आणि अख्खा ग्रुप आपोआप त्याच्या वेगानं चालतो. आपल्याला तेच पाहिजे.

मागच्या गाडीची जबाबदारी पुढच्या गाडीची. आरशात मागची गाडी दिसेनाशी झाली की थांबायचं. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबेल, मग त्याच्या पुढचा, असं करत लीडरपर्यंत पोचतं, वायरलेस बंद पडला तरी. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत उभं राहायचं. धूळ जास्त असेल तर अंतर वाढवा पण हा नियम मोडू नका.

अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली तर?

साधारण चढणाऱ्याला आधी जाऊ देतात, कारण चढावर थांबून परत सुरू करणं अवघड असतं. पण आपण पाच गाड्या आणि समोर एकच असेल तर तिला मागं जाणं सोपं, किंवा ज्याच्या जवळ रुंद जागा आहे त्यानं घ्यावी. उतरून, सलाम करून, बोलून ठरवा. तिथले स्थानिक लोक रोज तो रस्ता चालवतात, ते म्हणतील तसं करा, हॉर्न वाजवत बसू नका.

पावसाचं काय? वाळवंटात पाऊस कुठला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि सगळ्यात हलक्यात घेतला जातो, त्यामुळं इथं जरा थांबून वाचा.

वाळवंटी डोंगरात पाऊस कमी वेळा पडतो, पण पडतो तेव्हा पाणी मुरायला माती नसते, सगळा उघडा कातळ. डोंगराच्या शेकडो घळ्यांतलं पाणी एकदम एका वादीत येतं. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायची गरज नाही, वीस-तीस किलोमीटरवर डोंगरात पडला आणि तुमच्यावर निळं आभाळ असलं तरी पाणी येतं. आणि कॅन्यनमध्ये दोन्हीकडं भिंती, बाजूला पळायला जागा नाही. १४ एप्रिल २०२४ ला ओमानमध्ये असाच पूर आला, समद अल शान भागात शाळेची मुलं असलेली गाडी वाहून गेली, त्यात लहान लेकरं गेली. आपल्याकडं सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचा पूर आपण डोळ्यांनी बघितला, त्या पाण्याला निदान चढायला तास लागत होते. वादीचं पाणी मिनिटांत येतं.

फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला ढकलून नेऊ शकतं, दोन फूट असेल तर मोठी गाडी पण तरंगायला लागते. थारची कागदावर पाण्यातून जायची क्षमता ६५० मिलिमीटर आहे, पण ती साचलेल्या पाण्याची गोष्ट आहे, वाहत्या पाण्याची नाही. आणि ओमानमध्ये वाहत्या वादीत गाडी घालणं हा कायद्यानं गुन्हा आहे.

म्हणून आम्ही असं करतो. आदल्या रात्री आणि सकाळी निघताना ओमानच्या हवामान खात्याचा इशारा बघायचा, फक्त आपल्या ट्रेलचा नाही तर वरच्या डोंगराचा. गडगडाटाची शक्यता लिहिली असेल तर त्या दिवशी वादीत उतरायचं नाही, कितीही लांबून आलो असलो तरी. आत शिरताना भिंतींकडं आणि झाडांकडं बघायचं, फांद्यांत अडकलेलं गवत, प्लास्टिक, काटक्या दिसतात, ती मागच्या पुराची खूण, बऱ्याच ठिकाणी ती गाडीच्या टपाच्या वर असते. ती बघून प्रत्येक टप्प्यात मनात ठेवायचं की पाणी आलं तर चढायचं कुठं. पात्रात गाडी उभी करून जेवायला बसायचं नाही, तंबू तर मुळीच लावायचा नाही. वाहतं पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या वाहून यायला लागल्या, किंवा वरून मालगाडीसारखा आवाज आला तर गाडी सोडा, किल्ली सोडा, माणसं वर चढवा.

गाडी अडकली तर टोचन कसं करायचं?

आधी सगळे शांत उभे राहा आणि नेमकं कुठं अडकलीय ते वाकून बघा. खडकात बहुतेक वेळा ओढायची गरजच नसते. जॅकनं चाक उचला, खाली सपाट दगड रचा, गाडी आपल्या पायानं बाहेर येते. पोट टेकलेल्या गाडीला झटका देऊन ओढली की खालचं काहीतरी तुटणारच.

ओढायचंच असेल तर हळू, ताण घेऊन. ताणला जाणारा कायनेटिक दोर वाळू-चिखलासाठी, खडकात विंच (गाडीला लावलेलं दोर गुंडाळून ओढायचं यंत्र) किंवा न ताणणारा पट्टा. कंपनीनं दिलेल्या टो पॉइंटलाच लावा, ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीही नाही, तो तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा येतो आणि जगभरात अशानं माणसं मेलेली आहेत. दोराच्या मध्यावर जाड कापड टाकायचं म्हणजे दोर तुटला तर खाली पडतो. आम्ही सोलापुरी चादर टाकतो, दुहेरी घडी करून, जड असते आणि वाऱ्यानं उडत नाही. त्यासाठी प्रत्येक गाडीत एक जुनी चादर असतेच, रात्री थंडीला पण लागते. बाकीच्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहायचं, आणि दोर ओलांडायचा नाही.

मोबाइलला रेंज असते का? वॉकी-टॉकी न्यायचे का?

कॅन्यनमध्ये रेंज नसते असंच धरून चाला. ऑफलाइन नकाशे आधी उतरवून ठेवा आणि मस्कतमधल्या कुणाला तरी लेखी सांगून जा, कुठून आत, कुठून बाहेर, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काय करायचं. तिकडचा इमर्जन्सी नंबर ९९९९.

आपल्या देशात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे वॉकी-टॉकी २०१८ पासून विनापरवाना वापरता येतात, सरावाला तेच वापरतो. पण ते उचलून परदेशात न्यायचे नाहीत, तिथले नियम तिथले, तिथंच विचारून घ्यायचे. ड्रोनचं पण तसंच, परवानगीशिवाय नाही.

खाण्यापिण्याचं?

पाणी माणशी दिवसाला किमान पाच लिटर, आणि गाडी बंद पडून एक रात्र काढावी लागली तर पुरेल एवढं वेगळं. "आम्ही सोलापूरचं ४३ डिग्री काढतो" असं प्रत्येक जण म्हणतो, पण आपण ते सावलीत काढतो. तिकडे खडकावर उतरून, दगड उचलून, स्पॉटिंग करत दिवस काढायचाय. ओआरएस ठेवा. कुणी चिडचिड करायला लागलं किंवा घाम यायचा थांबला तर लगेच सावलीत घेऊन अंगावर पाणी मारा.

कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, याच्यासारखं ट्रेलचं जेवण नाही, खराब होत नाही, गरम करायला लागत नाही. पण खसखस घातलेलं काही नेऊ नका, आखातातल्या बऱ्याच देशांत खसखशीवर बंदी आहे. औषधांची चिठ्ठी सोबत ठेवा. दारू ट्रेलवर चालत नाही, आदल्या रात्रीची पण नाही.

बायका-मुलांना आणता येईल का?

हो, आणा. आमच्यातल्या दोन ताई स्पॉटिंगला सगळ्यात भारी आहेत, त्यांचा हात बघून डोळे झाकून गाडी घालतो मी. मुलं आठ-दहा वर्षांच्या पुढची असावीत, आणि कड्याच्या किंवा अवघड टप्प्यावर ड्रायव्हर सोडून सगळ्यांनी उतरून चालत यायचं. गरोदर बाई, मणक्याचं ऑपरेशन झालेलं माणूस, यांनी मस्कतला थांबावं, दणके फार बसतात.

गावातून जाताना काय पाळायचं?

वेग चालण्याचा. धूळ त्यांच्या घरात जाते. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, हाफ चड्डीवर गावात फिरू नका. गावागावात फलज दिसेल, डोंगरातून पाणी आणणारा दगडी पाट, शेकडो वर्षांची व्यवस्था आहे ती, त्यातल्या पाच फलजांना २००६ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलंय. त्यावर चाक चढवायचं नाही, त्यात हात-पाय धुवायचे नाहीत, खालचं गाव ते पाणी वापरतं. पाण्याच्या पाळीवरून आपल्याकडं किती भांडणं होतात ते माहितीये ना, मग कळेल.

कधी जायचं? किती खर्च?

ऑक्टोबरअखेर ते मार्च. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आठवड्यात ठेवत नाही, नंदीध्वज सोडून कुणी येत नाही. रमजान सध्या थंडीच्या शेवटी येतो, २०२६ चा फेब्रुवारी-मार्चमधला, त्या काळात दिवसा लोकांसमोर खाणं-पिणं टाळावं लागतं म्हणून शक्यतो तो महिना सोडतो. खर्च गाडीत किती जण यावर अवलंबून, एक रियाल दोनशे रुपयांच्या वर जातो, तिकीट आणि गाडीभाडं हाच मुख्य खर्च, चौघांत एक गाडी परवडते. टायर फाटला तर तो खर्च सगळ्या ग्रुपमध्ये वाटून घ्यायचा हे निघायच्या आधीच ठरवा, नाहीतर परतीच्या विमानात तोंडं फिरवून बसतात लोक.

मागं फिरायचं कोण ठरवतं? लीडर का?

लीडर लाइन ठरवतो, वेळ ठरवतो. पण "मला हे जमणार नाही" असं कुठल्याही गाडीतून आलं, ड्रायव्हर असो नाहीतर मागं बसलेली एखाद्याची आई असो, तर तो टप्पा होणार नाही. मतदान नाही, समजूत घालणं नाही, "अरे इतकं लांब आलोय" नाही. एकतर दुसरा अनुभवी माणूस ती गाडी पार करून देईल आणि ते लोक चालत येतील, किंवा सगळे परत. दोन गाड्या पुढं, तीन मागं असं कधीच करायचं नाही.

यावर नाराज होऊन ग्रुप सोडलेले लोक आहेत, चांगले ड्रायव्हर होते. त्यांचं म्हणणं असं की असं केलं तर अवघड ट्रेल होणारच नाहीत. माझं म्हणणं असं की ज्याला माहितीये आपण "नाही" म्हटलं तर कुणी हसणार नाही, तोच माणूस खरं सांगतो. आणि वीस मीटर पुढं चाक सुटल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं सगळ्यांना परवडतं. दुपारी तीन वाजले आणि अर्धा ट्रेल झाला नसेल तर पण परत, अंधारात कड्यावर कुणी काही सिद्ध करायचं नाही.

यायचंय, आता काय करू?

आधी सरावाच्या एका रविवारी या, सकाळी सहाला, उन्हाच्या आत संपवतो. गाडी नसली तरी चालेल. बूट घालून या, चप्पल नको, हातमोजे आणि टोपी. पहिल्या दिवशी स्टिअरिंग मिळणार नाही, दगड उचलायचे, हवा मोजायची आणि दुसऱ्याला स्पॉट करायचं. गाडी आणणार असाल तर टो हुक आणि स्टेपनीची हवा घरून बघून निघा, आणि मागच्या सीटवर एक जुनी चादर टाका.